मशीन थांबलं की वाक्य बदलायचं

गल्लीत ताई घरी आहे की नाही हे बघायला दार वाजवावं लागत नसे. मशीनचा आवाज येत असला की ताई आहे. आवाज येत नसला तरी ताई असायचीच. तेव्हा ती सुईत दोरा ओवत असायची, नाहीतर कुणाच्या पँटची कंबर आत घेताना दातांत टाचण्या धरून बसलेली असायची. दातांत टाचण्या असताना ताईशी बोलायचं नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं.

तळमजल्यावरची एक खोली. पुढच्या भागात मशीन, कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. मागे पडदा, आणि पडद्यामागे सगळा संसार. संसार म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि चार भांडी. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची गल्लीत तीन उत्तरं होती, आणि तिला स्वतःला विचारलं तर चौथं मिळायचं: “वेळ नव्हता.”

ते अगदीच खोटं नव्हतं. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती आणि धाकटा भाऊ अजून नाक पुसायला शिकत होता. आईची तब्येत तोळामासा. शेजारणीने आपलं जुनं पायमशीन आणून दिलं आणि म्हणाली, “बस गं पोरी, निदान उशांचे अभ्रे तर शिव.” पोरगी जी बसली ती आता साठीला टेकली तरी उठली नव्हती. आधी अभ्रे, मग फ्रॉक, मग शाळांचे गणवेश. हल्ली लोक तयार कपडे आणतात, ते अंगाला बसत नाहीत, मग तिच्याकडे आणतात. “मी आता शिवत नाही,” ती म्हणायची, “दुसऱ्यांनी शिवलेलं निस्तरते.”

धाकट्या भावाला ती छोट्या म्हणायची. पुढे छोट्या प्राध्यापक झाला, त्याचे केस पांढरे झाले, त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं स्वतः प्राध्यापक झाली, तरी तिच्या तोंडी तो छोट्याच राहिला.

लहानपणी दोघांत दिवा एक. ती दिव्याखाली शिवायची, तो दिव्याखाली बसून मोठ्याने धडे वाचायचा. एकदा वाचता वाचता तो थबकला.

“ताई, मशीन का थांबवलंस?”

“कुठे थांबवलं?”

“आत्ता थांबलं होतं.”

तिने पायाकडे बघितलं. पाय पायडलवर तसाच होता, पण गप्प. तिने थोडा विचार केला. “तू काय वाचलंस ते कळलं नाही, म्हणून थांबलं असेल.”

त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. मशीन पुन्हा थांबलं. मग त्याने पुस्तक मिटलं आणि तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली, तसं मशीन चालू लागलं. दोघं खो खो हसली. त्यात तिची काही हुशारी नव्हती. पायाला तशी खोडच होती. कान समजून घेत असले की पाय चालायचा, कान अडले की पाय अडायचा. त्याला लगाम घालणं तिच्या हातात नव्हतं.

खेळ म्हणून सुरू झालेलं ते पुढे दोघांचं कामच होऊन बसलं. छोट्या कॉलेजात गेला, जमीन, खडक आणि पाणी यांचा अभ्यास करू लागला, आणि गावातल्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर लिहू लागला. प्रत्येक लेख आधी ताईच्या मशीनसमोर वाचला जायचा. नियम एकच: मशीन थांबलं की वाक्य बदलायचं. तो चिडायचा, पाय आपटायचा.

“अगं, ‘केशाकर्षण’ हा साधा शब्द आहे!”

“असेल.”

“मग पाय का थांबला?”

“पायाला विचार.”

भिंतीला ओल का येते, यावरचा तो लेख होता. ‘केशाकर्षण’पाशी घोडं सारखं पेंड खात होतं. सगळी दुपार त्यात गेली. शेवटी त्याची नजर शेगडीजवळच्या कंदिलावर गेली आणि तो ओरडलाच, “वात! ताई, वात कशी तेल वर चढवते, तशी भिंत जमिनीतलं पाणी वर चढवते!” मशीन न थांबता चाललं. तो लेख छापून आल्यावर लोक आपल्या भिंतींना हात लावून बघत होते. घर बांधायला काढलेल्यांनी गवंड्याला थांबवलं आणि आधी पायाशी ओल अडवणारा थर टाकून घेतला. न्हाव्याच्या दुकानात छोट्या दाढी करायला बसला की अर्ध्या फेसात त्याला प्रश्न विचारले जायचे: अमक्या ठिकाणी विहीर लागेल का, तमका उतार पावसात खचेल का? आणि तो अर्ध्या फेसात उत्तरं द्यायचा.

तो एकटाच नव्हता. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी कुणी ना कुणी बोलायचं. एक डॉक्टर तापांविषयी बोलायचे, इतिहासाचे एक मास्तर जुन्या पुलांविषयी, एक वकीलबाई भाडेकरूंच्या हक्कांविषयी. ऐकायला शिंपी, ड्रायव्हर, नर्सा, दुकानदार. प्रश्न विचारताना कुणाला लाज वाटायची नाही, कारण उत्तर देणाराही समोरच्याच बाकावर येऊन बसायचा.

मग विद्यापीठ झालं. शहराबाहेर, टेकडीवर, चांगलं उंच कुंपण घालून. छोट्याला तिथे नोकरी लागली तेव्हा ताईने शेजारपाजारच्यांना हाका मारमारून सांगितलं. तिच्या जन्माचं सार्थक झालं. डॉक्टर गेले, मास्तर गेले, एकेक करून सगळेच टेकडीवर गेले. कुणी वाईट केलं नाही. पोटासाठी सगळेच कुठे ना कुठे जातात. फक्त वाचनालयाची वरची खोली आधी महिन्यातून एकदा उघडू लागली, नंतर उघडेनाशी झाली, आणि आता तिथे मोबाइल दुरुस्त करून मिळतात. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर राशिभविष्य आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते. ते तेल ताईने आणून बघितलं. गुण आला नाही.

छोट्या सुरुवातीला येत राहिला. लेखही लिहायचा. मग एकदा बढतीच्या मुलाखतीला जाऊन आला आणि खाटेवर शून्यात बघत बसला.

“काय रे, नापास केलं?”

“नाही गं. ते म्हणाले, पेपरातले हे लेख कशात धरायचे? मी म्हटलं, लोक वाचतात. तर त्यातला एक हसला. म्हणाला, लोक तर भिंतीवरच्या जाहिरातीही वाचतात.”

“मग तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार. मीही हसलो.”

त्या हसण्याने काय केलं कोण जाणे, पण त्यानंतर त्याने शेवटच्या पानासाठी लिहिलं नाही. आता त्याचे शोधनिबंध परदेशातल्या नियतकालिकांत येत होते. ते तपासायला वर्ष लागायचं, छापायला आणखी वर्ष. “कोण वाचतं रे?” असं ताईने एकदा विचारलं, तर तो बोटं मोजू लागला आणि एका हातातच थांबला. ताईला हसू आलं होतं. त्याला आलं नाही.

त्यातून त्याला उसंत म्हणून नव्हती. वर्ग, परीक्षा, अहवाल, बैठका, बैठकीत काय झालं याचे अहवाल, आणि त्या अहवालांवर बैठक. फोनवर त्याचा आवाज धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा यायचा. “जेवलास का?” एवढं विचारून ताई फोन ठेवून द्यायची. एकदा ती आपणहून टेकडीवर गेली होती. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, “काम काय?” तिला सांगता येईना. भावाला बघायचंय, हे काम होतं का?

अशी वर्षं गेली. आणि मग गल्लीत पाण्याचा प्रश्न उभा राहिला.

गल्लीतल्या हातपंपाला मचूळ पाणी यायचं. धुण्याला चालायचं, पिण्याला नाही. पिण्यासाठी एक दिवसाआड टँकर. नगरपालिकेने दोन पर्याय ठेवले: एक तर गल्लीच्या तोंडाशी खोल बोअर मारून महिन्याभरात पाणी, नाहीतर तळ्यावरून नळ, पण त्याला दोन वर्षं तरी थांबावं लागेल. रविवारी शाळेच्या वर्गात बैठक. लोकांनी हात वर करून काय ते ठरवायचं.

किराणा दुकानदार गल्लीच्या समितीचा प्रमुख. तो ताईच्या खिडकीशी आला. “ताई, तुमचे भाऊ, म्हणजे आमचे सर, ह्या पाण्याचंच काहीतरी संशोधन करतात ना? मागे आसपासच्या बोअरवर पाणी भरून घ्यायला बाटल्या घेऊन फिरत होते. त्यांना बोलवा की. खाली काय आहे ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?”

तिथेच ड्रायव्हरकाका उभे होते. आयुष्यभर बस चालवून आता निवृत्त, पण अजूनही सगळ्यांना ‘पुढे सरका’ म्हणायची सवय. वयाने ताईपेक्षा मोठे, तरी तिला ताईच म्हणायचे. “बोलवा, बोलवा,” ते म्हणाले. “फार दिवसांत शहाणं माणूस फुकट ऐकलं नाही.”

ताईने फोन केला. बैठकीचं सांगितलं.

“ताई, तो निबंध अजून तपासणीत आहे. छापून यायच्या आधी बाहेर बोलणं बरं नाही.”

“बाहेर कुठे? गल्लीत.”

“तेच ते.”

“अरे, लोक पाणी पिणार आहेत. तुझा निबंध छापून येईपर्यंत तहानलेले राहायचं का त्यांनी?”

तो थकलेलं हसू हसला. “येतो. पण मी लिहून आणीन आणि तेवढंच वाचीन. इकडेतिकडे एक शब्द नाही.”

“आधी मला वाचून दाखवशील?”

“मशीन आहे अजून?”

“मी आहे म्हणजे मशीन आहे.”

रविवारी दुपारी तो आला. ताई बघतच राहिली. गालांची हाडं वर आली होती, सदऱ्याचा गळा सैल झाला होता. तिच्या मनात आलं, कॉलर आत घ्यावी लागेल. चहा झाला. तो जुन्या जागी, कापायच्या टेबलाला पाठ लावून जमिनीवर बसायला गेला, पण गुडघे वाकेनात, म्हणून स्टुलावर बसला. ताईने शाळेच्या पडद्याचं लांब कापड मशीनवर घेतलं.

“वाच.”

त्याने वाचलं. “‘प्रस्तुत क्षेत्रातील खोल जलधारक स्तरांतून मर्यादित संख्येने घेतलेल्या नमुन्यांमध्ये फ्लोराइडचे प्रमाण मान्य मर्यादेहून अधिक आढळण्याची प्रवृत्ती सूचित होत असली, तरी—’”

मशीन थांबलं.

छोट्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीची चीड आली असती तर बरं झालं असतं. पण आली ती दुसरीच काहीतरी कळा. खूप चालून आलेल्या माणसाला ‘अजून तेवढंच राहिलंय’ म्हटल्यावर येते तशी. त्याने कागदांची घडी घातली.

“मला वाटलंच होतं. नको ताई. आता माझ्याच्याने हे होत नाही. मी दुकानदाराला सांगतो, बरं नाही म्हणून. संध्याकाळच्या गाडीने जातो.”

किती वर्षांनी तो त्या स्टुलावर बसला होता. ताईच्या तोंडून निघून गेलं, “अरे, दोरा तुटला.”

“काय?”

“दोरा तुटला म्हणून थांबले. तू वाच.”

तिने सुईशी उगाच बोटं फिरवली आणि पायडल दाबलं. छोट्याने तिच्याकडे नीट बघितलं, मग कागद उलगडले. वाचू लागला. ताईने पाय चालू ठेवला. जन्मात पहिल्यांदाच तिला पायाला ओढून न्यावं लागत होतं. तो थांबायला बघायचा, ती रेटायची. गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत गेली. वाक्यांमागून वाक्यं येत होती, लांबलचक, एकमेकांत अडकलेली, प्रत्येकाच्या शेवटी एक ‘तथापि’. मध्येच तिने धीर करून विचारलं, “म्हणजे बोअर मारायचं की नाही रे?” तो म्हणाला, “तसं थेट म्हणता येत नाही. पण दिशा कळते ना?” ती म्हणाली, “कळते.” एवढा शिकलेला भाऊ, त्याने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. आपल्याला नाही कळलं तर नाही. बैठकीत शिकलेले लोकही असतात.

वाचून संपलं तेव्हा छोट्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. “एकदाच थांबलं! ताई, पूर्वी एका लेखाला वीस वेळा थांबायचं.”

“तू सुधारलास,” ताई म्हणाली आणि गुडघा चोळत बसली.

शाळेचा वर्ग भरला होता. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर कशीबशी मावून बसली होती. आधी नगरपालिकेचा इंजिनिअर उठला. तरणाबांड, हसरा. “मंडळी, जास्त बोलत नाही. बोअर मारलं तर महिन्यात पाणी. गोड पाणी. घराजवळ पाणी. नळ हवा असेल तर दोन वर्षं टँकरची वाट बघा. संपलं माझं भाषण.” टाळ्या पडल्या.

मग छोट्या उठला. चष्मा पुसला, कागद धरला आणि वाचू लागला. ताई तिसऱ्या बाकावर होती. पहिल्या वाक्याला सगळे सावरून बसले. दुसऱ्याला माना डोलल्या. तिसऱ्याला कुणीतरी मोबाइल काढला. मागून एक बाई कुजबुजली, “फ्लोराइड म्हणजे ते दात घासायचं ना? मग चांगलंच की.” ताईचा पाय बाकाखाली गोठून गेला होता. मशीन नव्हतं, तरी तिला कळत होतं की अख्ख्या वर्गातले पाय थांबलेत. फक्त वाचणाऱ्याला ते ऐकू येत नव्हतं. तो मध्येमध्ये तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची. दुसरं काय करणार?

वाचून झालं. ड्रायव्हरकाका उभे राहिले. “सर, मी अडाणी माणूस. हे पाणी प्यायचं का नाही, एवढंच सांगा.”

छोट्याने तोंड उघडलं. ताई पुढे झुकली. आता म्हणेल, आता म्हणेल.

“हे अनेक घटकांवर अवलंबून आहे,” छोट्या म्हणाला. “अधिक नमुन्यांची गरज आहे.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“तसं नाही. माहिती आहे, पण निश्चित विधान करण्याइतकी—”

“राहू द्या, राहू द्या. पुढे सरका.” वर्ग हसला. ड्रायव्हरकाकांनी ते मुद्दाम टोचायला म्हटलं नव्हतं, तोंडात बसलेलं होतं. खाली बसता बसता ते शेजाऱ्याला म्हणाले, “नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.”

हात वर झाले. बोअरसाठी जवळजवळ सगळे. ताईचा हात मांडीवरच राहिला. कशासाठी वर करायचा हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

सकाळी छोट्या निघायच्या तयारीत होता. विद्यापीठाची गाडी त्याला न्यायला येणार होती, कसलीशी बैठक होती. रात्रभर दोघं एका खोलीत, पडद्याच्या दोन बाजूंना, जागीच पडून होती. ताईने शाळेच्या पडद्याचं कापड पुन्हा हातात घेतलं आणि टीप बघायला ते जरा ताणलं, तर ते शिवणीवर सरळ उघडलं. सुईखालच्या लहान रिळावरचा, बॉबिनवरचा, दोरा कधीच संपला होता. काल दुपारी एवढं मशीन चालवलं, ते नुसती भोकं पाडत गेलं होतं. एक टाका पडला नव्हता.

छोट्याने ते बघितलं. तो शिवणकाम करणाऱ्या बाईचा भाऊ होता. टाके पडत नाहीत हेही कळू नये, एवढं तिचं लक्ष नुसतं पाय चालवण्यात होतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

“तू मुद्दाम थांबवलं नाहीस.”

ताईने उघडलेली शिवण बोटाने चाचपली.

“दोरा तुटला नव्हता.”

“नव्हता.”

“का ताई?” त्याचा आवाज चढला. “सगळं जग मला ‘छान, छान’ म्हणतं. न वाचता म्हणतात. एक तू होतीस. ते लोक हसले माझ्यावर! सांगितलं असतंस तर—”

“सांगितलं असतं तर संध्याकाळच्या गाडीने गेला असतास,” ताई म्हणाली. “पहिल्या वाक्याला थांबवलं, तर उठून निघालास. पूर्वी भांडायचास रे. पाय आपटायचास. काल नुसती घडी घातलीस कागदाची. मग मी काय करायचं होतं?”

छोट्या स्टुलावर बसला. रस्त्यावर टँकर आला होता, बादल्यांची आदळआपट ऐकू येत होती.

“दमलोय गं,” तो म्हणाला. “खरंच दमलोय. तिथे एक वाक्य लिहिलं की चार जण विचारतात, कशावरून? मग वाक्याला टेकू देतो, मग टेकूला टेकू. आता सरळ वाक्य लिहायला हातच धजत नाही.”

“मलाही एक वाक्य विचारू दे. हे बोअर तुझ्या दारात असतं, तर तू त्याचं पाणी प्याला असतास?”

“छे!” तो म्हणाला. एका क्षणात. श्वासही न घेता.

“मग काल हे का नाही म्हणालास?”

“काल मला असं कुणी विचारलं नाही.”

“ड्रायव्हरकाकांनी विचारलं.”

ताईने बॉबिन काढलं, त्यावर दोरा भरला, खालच्या घरात बसवलं. उघडलेली शिवण पुन्हा सुईखाली घेतली.

“सांग,” ती म्हणाली.

“आता काय उपयोग? ठरलं ना.”

“सांग तर.”

“खोल पाण्यात फ्लोराइड जास्त आहे.”

मशीन थांबलं.

“खालच्या खडकातला एक क्षार पाण्यात उतरतो.”

चार टाके पडले, मग थांबलं. “उतरू दे. त्याने काय होतं?”

“दातांवर डाग पडतात. हाडं... हाडं आखडतात. एकदम नाही, वर्षानुवर्षं प्यायल्यावर.” तो स्टुलावरून पुढे वाकला होता. “आणि चवीला कळत नाही. तीच तर गोम आहे ताई. पंपाचं पाणी मचूळ लागतं म्हणून आपण ते पीत नाही. हे गोड लागतं म्हणून पिणार.”

मशीन चालत होतं. छोट्याने कपाळावर हात मारला. पूर्वीसारखा.

“थांब, थांब. ‘बोअरचं पाणी गोड लागेल, पण वर्षानुवर्षं प्यायलात तर मुलांचे दात आणि तुमची हाडं बिघडतील, धुण्याला वापरा, प्यायला नको.’”

पडद्याची शिवण टोकापर्यंत गेली. ताईने दोरा दातांनी तोडला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. छोट्याने पिशवी उचलली, दारापर्यंत गेला, पुन्हा आत आला, काहीतरी म्हणणार होता. हॉर्न पुन्हा वाजला. “मी वर बोलून बघतो,” तो म्हणाला. “नगरपालिकेला रीतसर कळवायचं म्हणजे विभागाची परवानगी लागेल, पण बघतो.”

“जेवत जा वेळेवर,” ताई म्हणाली. “आणि पुढच्या वेळी तो सदरा आण. कॉलर आत घेते.”

गाडी गेली. ताईने चपला घातल्या आणि गुडघा सांभाळत दुकानदाराकडे गेली. तो पोती लावत होता.

“छोट्याने सांगितलंय,” ती म्हणाली. आणि ते वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दुकानदाराचे हात पोत्यावरच राहिले. “आँ? प्यायचं नाही?”

“धुण्याला चालेल.”

“अहो ताई, मी तर सकाळी नगरपालिका उघडल्या उघडल्या सही देऊन आलो! उद्या मशीन येतंय खोदायला.” तो घाम पुसत खाली बसला. मग जरा चिडूनच म्हणाला, “एवढंच होतं, तर सर काल का नाही बोलले? एवढंसं तर वाक्य आहे!”

“काल माझं मशीन चालू राहिलं,” ताई म्हणाली.

“मशीनचा काय संबंध?”

ताईला ते सांगत बसायची ताकद नव्हती. “तुम्ही पुन्हा जाऊन बघा, सही मागे घेता येते का,” ती म्हणाली. दुकानदाराने मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही.

ती परत फिरली. वाटेत टँकरपाशी ड्रायव्हरकाका दोन बादल्या घेऊन उभे होते. ती त्यांच्यापाशी थांबली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. त्यांनी ते नीट ऐकलं, बादली खाली ठेवली, आणि चेष्टा न करता विचारलं, “हे सर म्हणाले?”

“सरच म्हणाले.”

“मग पुन्हा एकदा म्हणा. मागचीला ऐकू आलं नाही.”

रांगेत मागे ती कुजबुजणारी बाई होती. तिच्यामागे आणखी बऱ्याच. ताईने पदराच्या टोकाला लागलेली टाचणी सवयीने दातांत धरायला काढली, पण ती हातातच ठेवली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.